महिन्याचा गाढवपणा

प्रोजेक्टरनं भिंतीवर पाडलेला माझा मेल. हातभर उंच अक्षरं. समोर तीस माणसं हसतायत, हातात चहा.

"कोण ही महान बाई?" सरांनी विचारलं. मी हात वर केला.

"मराठी? मग तरी थोडी अक्कल हवी होती."

सर पुण्याचे, मोठ्या कॉलेजातले. दुकानातल्या मालाची नोंद ठेवायचं फुकट सॉफ्टवेअर त्यांनी सुरू केलेलं. दर रविवारी बंगळुरात, बनशंकरीत जमून आम्ही ते हौसेनं घडवायचो, पगार कुणालाच नाही. माझ्या बाबांचं राजाजीनगरात लेस-बटणांचं दुकान. अर्धा मीटर लेस विकली की सॉफ्टवेअर ती शून्य धरायचं. मी घरी शिकून ते दुरुस्त केलं आणि अख्खी फाइल मेलला जोडून पाठवली. तशी पाठवायची नसते म्हणे. कशी पाठवायची, ते एकानंही सांगितलं नव्हतं. म्हणून मी 'महिन्याचा गाढवपणा'. तशी प्रथाच होती तिथं.

दुरुस्ती बरोबर होती. ती कुणी वाचलीच नाही.

कान तापले. रडले नाही. चिडून शिकले, चांगली शिकले. आणि पुढच्या महिन्यापासून मीही हसायला लागले. लाज वाटते, पण सांगते. एक निवृत्त मास्तर यायचे. त्यांचा मेल भिंतीवर लागला तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. घाबरट कुठली! मास्तर पुन्हा आले नाहीत.

तिसऱ्या वर्षी भिंतीवर काय लावायचं ते काम माझ्याकडे आलं. बढतीच ती.

त्या रविवारी आनेकलहून एक अक्का आल्या. कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला. दोन बस बदलून आलेल्या. सॉफ्टवेअर कन्नडमध्ये चालावं म्हणून त्यातले सगळे शब्द त्यांनी वहीत कन्नडमध्ये लिहून पानांचे फोटो पाठवले होते.

"वहीचे फोटो! लाव, लाव," सर म्हणाले.

मी लावले. हशा पिकला. अक्कांना मराठी येत नाही, पण हसणं कुणाला कळत नाही? त्या पिशवी घेऊन उठल्या.

मी प्रोजेक्टरची वायर उपटली.

"अगं, गंमत असते. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

"मला लागलं होतं, सर. अजून लागतंय."

"जमत नसेल तर जा मग."

"मी नाही जाणार. हा तमाशा जाणार."

टाळ्या? कसल्या टाळ्या! मी अक्कांना कन्नडमध्ये म्हटलं, "स्वल्प कूत्कोळ्ळी, अक्का." थोडं बसा, म्हणून. शेजारी बसले. वहीतला पहिला शब्द मी टाइप केला, दुसरा त्यांनी.

मास्तरांना माफीचा मेल केला. उत्तर आलं नाही. का यावं?

सरांनी माझे अधिकार काढून घेतले. घेऊ देत. रविवारी मी जातेच. दारात नवं माणूस दिसलं की आधी मी उठते. कुणी फिदीफिदी हसलं, तर त्याला सगळ्यांसमोर उभं करते. म्हणते, तू पहिल्या दिवशी काय चुकलास, ते सांग. सांगेपर्यंत बसू देत नाही.