हरवलेलं भेव

विलायतेत वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांत मी अमरावतीच्या एका वखारीत गाठींवर छाप मारायचो. फाटकावरच्या पहारेकऱ्याला सगळे जमादार म्हणत. पलटणीतून आलेला, कमी बोलणारा माणूस. अगदी शेजारी बैल उधळले तरी त्याची पापणी लवत नसे.

एकदा मी लढाईचं विचारलं. तो म्हणाला, "तोफेसमोरून तीन जखमी गडी उचलून आणले. लोक शूर म्हणतात मले. पण मले भेवच वाटलं नाही. तवा गेलं ते गेलंच. अजून वाट पाहून राहिलो, येते का."

पुढे उन्हाळ्यात भरदुपारी वखार पेटली. सरकी काढणारी एक बाई आत अडकली. आम्ही पाण्यासाठी धावत होतो, तेव्हा जमादार देवळात शिरावं तसा शांतपणे आत गेला आणि तिला खांद्यावर घेऊन बाहेर आला. त्याच्या मिशा जळल्या होत्या.

बाईला खाली ठेवून त्याने माझा हात ओढला आणि स्वतःच्या छातीवर दाबला. "सांग बरं, धडधडून राहिलं का?"

छाती झोपलेल्या माणसासारखी संथ चालली होती. मी "नाही" म्हणालो, तसा त्याचा चेहरा उतरला. त्यानंतर फाटकातून जाताना त्याच्याकडे बघायचा धीर मला कधी झाला नाही.