पोडावरचं दुसरं नाटक

नर्सिंग शिकवते मी, पण जीव माझा नाटकात. म्हणून झरी जामणीकडच्या एका पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, पोरींना न्यायचं ठरलं तेव्हा पथनाट्य मीच बसवलं. विषय, बाळंतपण दवाखान्यातच. कारणही तसंच होतं. पोडावरच्या एका सुनेचे दिवस भरत आले होते, अंगात रक्त कमी, आणि ती दवाखान्याला साफ नाही म्हणत होती.

चावडीपुढे नाटक रंगलं. आमची नेर गावची विद्यार्थिनी अडाणी सासू झाली, डोळे गरगर फिरवत. मी हसून बेजार. पोडावरचं मात्र कोणी हसलं नाही.

पोडाचा नाईक म्हणाला, "झालं का तुमचं? आता बसा. आमचं पाहा."

तीच सून उठली. भलंमोठं पोट, डोक्याला पांढरा रुमाल, ती झाली नर्स. नेरच्या पोरीला तिनं चटईवर आडवं केलं. पोरगी झकास कण्हू लागली. मी टाळी द्यायच्या बेतात.

"चिल्लावून काहून राह्यली? तोंड बंद," सून खेकसली.

पोरीचा हात धरून बसलेल्या मैत्रिणीला सुनेनं दंडाला धरून उठवलं. "तू बाहेर हो. जंगलातून येता अन् घाण करता." मग पाठ फिरवून ती हाताच्या तळव्यात मोबाईल पाहत बसली. नुसती बसली. चटईवरची पोरगी आधी हसली, मग खरंच रडू लागली.

माझे हात टाळीच्या तयारीत तसेच राहिले. सुनेनं काढलेला तो नर्सचा आवाज मी रोज वॉर्डात ऐकते.

सुनेनं रुमाल सोडला. "पयल्या खेपेला असंच झालं. आता येतो मी, पण सासूले आत घ्या. आमच्यात बाळंतपणात पाठ तीच धरते."

"तसा नियम..." मी सुरू केलं.

"मंग नाटक कायले केलं, बाई?" गर्दीतून सुनेच्या खऱ्या सासूनं विचारलं.

कळा सुरू झाल्या तशी सून खरोखर दवाखान्यात आली. नेरच्या पोरीनं आपला पांढरा एप्रन उतरवून सासूला चढवला. तो तिच्या घोट्यापर्यंत लोंबला. बाळंतपणाच्या खोलीच्या दारात मोठ्या सिस्टरनी सासूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग मला. मी आयुष्यातला सगळ्यात भोळा चेहरा केला.

"चपला बाहेर काढायला सांगा," त्या म्हणाल्या.

सासू अनवाणी आत गेली आणि तिनं सुनेची पाठ धरली.