डावीकडचा समुद्र

आमची गाडी लालबागच्या चाळीखाली उभी असते आणि ती चालवायचा हक्क नवऱ्याचा. असं कुणी ठरवलेलं नाही, पण चालत आलंय. लायसन्स माझ्याकडेही आहे. नाक्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी रीतसर शिकले, पहिल्या फटक्यात पास झाले. मग नवऱ्याला शेजारी बसवून सिद्धिविनायकाला पेढे ठेवायला प्रभादेवीला निघाले. वाटेत प्रत्येक सिग्नलला तो त्याच्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत होता आणि बस दिसली की "अगं, अगं" करत होता. देवळाशी पोचेपर्यंत माझं डोकं इतकं फिरलं की किल्ली त्याच्या हातावर आपटली. "घे, तूच चालव." तेव्हापासून माझं लायसन्स पाकिटात नुसतं ओळखपत्र म्हणून फिरतंय.

दर थंडीत आम्ही दोघं गाडीने कोकणात जातो. त्याच्या गावी नाही. गावी गेलं की आम्ही दोघं उरत नाही, पंगत होते. भाऊच्या धक्क्यावर गाडी बोटीत घालायची, मांडव्याला उतरायचं आणि समुद्राच्या कडेकडेने श्रीवर्धन गाठायचं, हा आमचा ठरलेला रस्ता. मी गिरगावात फणसवाडीत वाढले, चौपाटी पायाखालची, तरी तिकडचा समुद्र पाहिला की मला दरवर्षी नव्याने आनंद होतो. जाताना तो उजव्या हाताला, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला असतो, त्यामुळे मला नवऱ्याच्या नाकापलीकडून बघावा लागतो. मी म्हणायचं, "होड्या बघ ना," आणि त्याने रस्त्यावरची नजर न काढता म्हणायचं, "मस्त." येताना समुद्र डावीकडे, माझ्या खिडकीत. तेव्हा तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचं "मस्त" येतं. घरी आल्यावर शेजारच्या वहिनी विचारतात, कशी झाली ट्रिप? हा सांगतो, मुरूडच्या पुढे खड्डे आहेत, पण गाडीने ॲव्हरेज चांगलं दिलं. मला याचं खरंच वाईट वाटायचं. एका गाडीतून एकाच रस्त्याने जाऊन आम्ही दोन वेगळ्या ट्रिपा करून येत होतो.

यंदा श्रीवर्धनला ज्या घरी उतरलो होतो, त्याच्या मागे सुपारीची वाडी होती. निघायच्या सकाळी नवरा तिथे फोटो काढायला गेला आणि पाण्याच्या पाटात त्याचा पाय मुरगळला. डावा. घरमालकीणबाईंनी आंबेहळद उगाळून लेप घातला, हाड शाबूत आहे म्हणाल्या, पण घोटा टम्म फुगला. तरी हा गाडीत बसून क्लच दाबून आला. येताना तोंड कसनुसं झालं होतं.

"भाच्याला फोन करतो," तो म्हणाला. "एसटी पकडून येईल. उद्या नेईल आपल्याला."

"मी आहे की."

"तू नको. वळणं आहेत, चढ आहेत, जेटीवर गाडी चढवायची असते. हे प्रभादेवी नाही."

माझा पारा चढला. आज भाचा आला तर ही किल्ली पुन्हा माझ्या हातात येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. "कर फोन," मी म्हटलं. "मी एसटीने जाते घरी. तुम्ही मामा-भाचे या समुद्र बघत." आणि बॅगा डिकीत टाकायला लागले. शेवटी त्याने किल्ली पुढे केली, पण मी धरली तरी त्याला ती लगेच सोडवेना.

गाव सुटेपर्यंत मी दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. पहिल्याच वळणाला तो म्हणाला, "सावकास गो, सावकास." घाबरला की त्याची मालवणी वर येते. सवयीने त्याने तो नसलेला ब्रेक दाबला, सोबत नसलेला क्लचही, दुखऱ्या पायातून कळ गेली आणि त्याने घोटा धरला.

पुढे रस्ता अगदी पाण्याच्या काठाला आला. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता, मला वाटलं रुसला. मग तो म्हणाला, "अगं, हे पाणी किती हिरवं आहे. नेहमी असंच असतं?"

"नेहमी."

"मग सांगितलं नाहीस कधी?"

मला इतकं हसू आलं की गाडी हळू करावी लागली. त्यानंतर त्याचं तोंड बंद होईना. लाट मागे गेली की तिच्यामागे धावणारे आणि लाट आली की पळ काढणारे चिमुकले पक्षी. वाळत घातलेल्या मासळीवरून कावळे हाकलणारी आजी. रिकाम्या होडीत मालकासारखा ऐटीत बसलेला कुत्रा. "बघ ना, बघ," तो म्हणत होता. समोरून टेम्पो येत होता. "मस्त," मी म्हणाले, आणि माझाच आवाज ऐकून चपापले.

दिघीला खाडी ओलांडायला गाडी बोटीत घालावी लागते. तिथल्या जेटीवर माणूस ओरडत होता, "येऊ द्या ताई, येऊ द्या, थोडी उजवीला कापा." चढावर गाडी बंद पडली. मागच्याने हॉर्न दिला. आता हा काहीतरी बोलणार म्हणून मी दात आवळले. दुसऱ्या खेपेला गाडी नीट बोटीत चढली. हँडब्रेक ओढल्यावर तो शांतपणे म्हणाला, "माझी पहिल्या वर्षी दोनदा बंद पडली होती. तू तेव्हा होड्या बघत होतीस."

मला ते आठवतसुद्धा नव्हतं. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पलीकडे पोचेपर्यंत तसाच राहू दिला.

लालबागला गाडी मीच लावली. वहिनी गॅलरीतच होत्या. "भावजी, कशी झाली ट्रिप?" नवरा लंगडत जिना चढता चढताच सुरू झाला. हिरवं पाणी, ते पक्षी, होडीतला कुत्रा. आमच्या दारापर्यंत त्याचं संपलं नव्हतं. वहिनी आ वासून ऐकत होत्या, मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू काय बघितलंस गं?"

"मुरूडच्या पुढे खड्डे अजून आहेत," मी म्हटलं. "पण ॲव्हरेज चांगलं दिलं." आणि किल्ली दारामागच्या खुंटीला न लावता माझ्या पर्समध्ये टाकली.