वन्संनी शिवलेला एका खांद्याचा झगा

जगात जे म्हणून तयार मिळतं ते अर्धवटच असतं आणि ते पुरं करायलाच आपला जन्म झाला आहे, अशी माझ्या थोरल्या नणंदेची पक्की समजूत आहे. नव्या कुकरचं हँडल त्या आणल्या दिवशी बदलतात. शेजारणीनं दिलेल्या लोणच्यात, ते मुरायच्या आत, गूळ कालवतात. एकदा एसटीत त्यांना सीट उसवलेली दिसली, तर घोडेगाव येईपर्यंत पिशवीतल्या सुईदोऱ्यानं त्यांनी ती शिवून काढली आणि शेजारी बसलेल्या माणसाला म्हणाल्या, "जरा उठा राव, तुमच्या खालचं ऱ्हायलंय." लोणी गावात आमच्या घराच्या मागेच त्यांचं घर, त्यामुळे या सुधारणांचा पहिला मार मला बसतो.

माझ्या मुलीचा साखरपुडा ठरला तेव्हा ती पुण्यात नोकरीला होती. तिनं मोबाईलवर कुणा मोठ्या डिझायनरच्या झग्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "किती सुंदर आहे ना!" डावा खांदा उघडा, उजव्या खांद्यावरून कापड चुण्याचुण्यांनी तिरकं कमरेशी आलेलं, तिथं एक वेढा घेऊन पायापर्यंत सुटलेलं. शिवण कुठं दिसायलाच तयार नाही. तो फोटो मी वन्संना दाखवला आणि माझे ग्रह फिरले.

"त्यात काय हाय एवढं? माझ्याकडं तिच्या पंजाबी ड्रेसचा फर्मा हाय ना, त्यालाच वळण लावते!"

फर्मा म्हणजे खाकी कागदाचं कुडतं. वन्संनी तो खांद्यापासून कमरेपर्यंत जागोजाग चिरला, फटी पंख्यासारख्या पसरवल्या आणि खालून वर्तमानपत्र चिकटवलं. चुण्यांना लागणारं जादा कापड त्या फटींतून निघणार होतं. कागदावर हे मलाही पटलं. पण चुण्या अंगावर पडतात कशा ते बघायला माणूस हवं, आणि मुलगी तर पुण्यात. मग मला उभं केलं. माझ्या आणि मुलीच्या घेरातल्या फरकात आणखी एक मुलगी सहज मावेल, हे मी सांगून पाहिलं.

"पडायचं कसं ते कापडानं ठरवायचंय, तू न्हाई. ताठ हुबी ऱ्हा!"

मग मी कधी चादर, कधी मच्छरदाणी, कधी सासऱ्यांचं धोतर गुंडाळून टाचण्यांच्या पहाऱ्यात उभी. दूध उतू गेलं, तरी हलायचं नाही. आहुप्याचे एक ओळखीचे गृहस्थ तांदूळ घेऊन आले, ते मला बघून दारातच थबकले. "वैनी, नाटकात काम करताय व्हय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वन्संना मात्र आयताच माणूस मिळाला. "पावणं, आलाच हाय तर एवढं टोक धरा." त्या बिचाऱ्यानं चहा येईपर्यंत टोक धरलं. चहा मीच करायची असल्यामुळे तो काही लवकर आला नाही.

शेवटी खरं हिरवं कापड आलं. ते वन्संनी उरेब, म्हणजे तिरकं कापलं. त्याशिवाय ते अंगावरून ओघळत नाही म्हणे. कापून खुंटीला टांगलं, तर आपल्याच वजनानं एका बाजूला वीतभर लांबलं. मी किंचाळले. "लोंबू दे. आत्ताच लोंबलं म्हंजी मांडवात लोंबायचं न्हाई," वन्सं म्हणाल्या, आणि वाढलेलं खुशाल छाटून टाकलं. आत अंगाबरोबर अस्तर घालून चुण्या त्यावर टाचल्या. झगा उभा राहिला. मी फोटो शेजारी धरला. फोटोत डावा खांदा उघडा होता. इथं तो झाकलेला आणि उजवा उघडा!

"वन्सं, उलटा कापलात!"

"उलटा न्हाई. तसाच कापायचा व्हता."

"अहो, फोटो बघा!"

"फोटू त्या बाईचा हाय."

कापड संपलं होतं, साखरपुडा तोंडावर आला होता. मी नवऱ्याकडे गेले. "आक्काला कोण सांगणार?" म्हणून तो शेताकडे निघून गेला. मी रागानं वन्संशी बोलणंच टाकलं.

साखरपुड्याच्या सकाळी मुलीनं झगा घातला. आरशात पाहिलं आणि तिचा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला. लहानपणी तिथं कढत पाणी सांडलं होतं. कातडी आवळलेली, तशीच राहिली. तिनं कधी कुरकुर केली नाही. ओढणी तेवढी कायम त्या खांद्यावर असायची, आणि ती तिची सवय आहे असं मी समजत आले. आता तिथं चुण्या दाट बसल्या होत्या.

"आत्या, मी तर फोटो नुसता दाखवायला पाठवला होता गं. असला झगा मी कधी घालणारच नव्हते."

"म्हाईतंय मला," वन्सं टाचणी तोंडात धरून म्हणाल्या. "ताठ हुबी ऱ्हा."

मंचरच्या मंगल कार्यालयात बायका झग्याभोवती जमल्या. वन्सं मागच्या रांगेत बसून पुटपुटत होत्या, "मागची चुनी अजून वर पायजे व्हती." तेवढ्यात मुलीनं दोन्ही हात उंच करून केसांतला गजरा सारखा केला, चारचौघांत, ओढणीशिवाय. वन्संना मागच्या चुणीचा विसर पडला. मी त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली. आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो. लग्न पुढच्याच महिन्यात होतं, आणि मग ती सासरी जाणार होती.