समासातली खूण

यशवंत गेल्याचं मला कंपनीच्या फळ्यानं सांगितलं. सकाळच्या शिफ्टला आलो तर गेटजवळ खडूनं त्याचं नाव, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. आठ दिवस शेजारचं टेबल रिकामं होतं आणि मी साधी चौकशी केली नव्हती. पिंपरीहून त्याचं दापोडीचं घर ते केवढं लांब! पण माझे पाय तिकडे वळत नव्हते…

त्रेसष्ट-चौसष्ट साल असेल. आम्ही दोघं ड्रॉइंग ऑफिसात नवे. हॉलंडहून मशीन आलं आणि ते बसवायला एक डच इंजिनिअर. त्याच्याशी बोलायचं तर इंग्रजी हवं, म्हणून दोघांत एक जुना शब्दकोश घेतला. नवा शब्द सापडला की एकानं समासात त्याचं वाक्य लिहायचं, दुसऱ्यानं तपासून बरोबरची खूण करायची. एकदा यशवंतनं ‘डच’ काढलं नि हिरमुसला. दारूच्या जोरावर आलेली हिंमत म्हणे ‘डच करेज’, न कळणारी बडबड ‘डबल डच’, ज्याचे पैसे त्यानंच भरायचे ती ‘डच ट्रीट’!

“राव, हा माणूस आपल्याला हाताला धरून शिकवतोय, आणि इंग्रजांनी सगळं वाईट त्याच्या नावावर टाकलंय.”

“अरे, भाषेत असतंच ते. एवढं काय!” मी हसलो.

त्यानं जेवताना इंजिनिअरलाच विचारलं. तोही हसला, इंग्रजांशी आमची जुनी भांडणं, म्हणाला. “हसला खरा,” यशवंत मला नंतर म्हणाला, “पण डबा अर्धा ठेवून उठला.”

पुढं पंधरा वर्षं आम्ही एका बाकावर जेवलो. मग एके दिवशी जेवता जेवता कुणाच्या तरी चुकलेल्या ड्रॉइंगचा विषय निघाला आणि माझ्या तोंडून लहानपणापासून ऐकलेला वाक्प्रचार सुटला… यशवंतच्या जुन्या जातीच्या नावाचा. त्याचं घर बौद्ध होऊन कितीतरी वर्षं झालेली. माझी जीभ मात्र गावातच राहिलेली. तो अर्धा डबा बंद करून उठला. मला सगळं कळलं, आणि तरी मी माफी मागितली नाही. उद्या बोलू, विषय कशाला वाढवा, असं करत दोन वर्षं गेली. बोलणं उरलं ते कामापुरतं. शब्दकोश तो घरी घेऊन गेला, तेही मी विचारलं नाही. भित्रा कुठला मी!

परवा दापोडीला गेलो. वहिनींनी चहा दिला आणि शब्दकोश हातात ठेवला. “भाऊजी, हे तुमच्याकडं द्यायला सांगून गेलेत. उशाशीच असायचं.”

घरी येऊन आधी शोधलं, माझ्याबद्दल काही लिहिलंय का. शिव्या असत्या तरी चाललं असतं. काही नव्हतं. ‘डच’च्या पानावर मात्र समासात त्याचं जुनं इंग्रजी वाक्य होतं: आमचा पाहुणा डच आहे आणि तो भला माणूस आहे. पुढं खूण नव्हती. त्या दिवशी मी नुसता हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेन्सिल घेतली, खूण केली. खाली लिहिलं, ‘यशवंत, मी चुकलो.’ आणि सवयीनं पुस्तक डावीकडं यशवंतच्या टेबलावर सरकवलं, तपासायला… सुटीचा भोंगा झाला तरी ते तिथंच होतं.