लडकूमामाच्या लग्नाची कॅसेट

आमच्या घरी टीव्ही लागला की रस्त्यापलीकडच्या गोदामातला वॉचमनसुद्धा बातम्या ऐकतो. कारण माझे सासरे. केसरीनाथ त्यांचं नाव, आम्ही बाबा म्हणतो. निजामपुऱ्यातल्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात जॉबर म्हणून काढली. जॉबर म्हणजे बंद पडलेला लूम चालू करून देणारा माणूस. कशेळीहून सायकलनं जायचे, शिफ्ट संपली की सायकलनंच यायचे. त्या खडखडाटात दोन्ही कानांची वाट लागली. देवेशनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, चांगलं महागाचं कानाचं मशीन आणून दिलं. बाबांनी ते दोन दिवस लावलं आणि साखरेच्या डब्यामागे ठेवून दिलं.

“त्याच्यात पन लूमच ऐकाला येतो,” म्हणाले. विषय संपला.

त्यामुळे टीव्हीचा आवाज शेवटपर्यंत चढवायचा आणि वर प्लास्टिकची खुर्ची टीव्हीला चिकटवून बसायचं, हा त्यांचा शिरस्ता. मागे बसलेल्या आम्हाला त्यांचं डोकं दिसतं आणि डोक्याभोवती थोडीशी मालिका दिसते. मी पडघ्याच्या एका गोदामात हिशेबाचं काम करते. दिवसभर आकडे आणि ट्रकवाल्यांची भांडणं ऐकून घरी आले की मला फक्त शांतता हवी असते. ती या घरात मिळत नाही.

आणि टीव्हीही आता साधा राहिलेला नाही. एक रिमोट टीव्हीचा, एक सेट-टॉप बॉक्सच्या डबड्याचा, एक देवेशनं हौसेनं आणलेल्या लांबड्या स्पीकरचा. लाइटनं नुसता डोळा मिचकावला तरी डबडं पहिल्यापासून सुरू होतं आणि तोंडाला फेस येईपर्यंत गोल गोल फिरत बसतं. पासवर्ड मागतं. तो देवेशला आठवत नाही. मग ओटीपी येतो, तो देवेशच्या जुन्या नंबरवर. तोवर बाबा काळ्या पडद्याकडे पाहत बसून असतात, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे.

त्यांची सगळ्यात मोठी तक्रार वेगळीच. डब केलेला साऊथचा सिनेमा लागला की त्यांचं डोकं फिरतं. “तोंड एक बोलतं, हे दुसराच सांगतान! फसवतान लोकांना!” म्हणून रिमोट आपटतात. तो लांबडा स्पीकर आल्यापासून तर रोजच भांडण, कारण त्यातून आवाज चित्रापेक्षा जरासा उशिरा येतो. मला नि देवेशला तो फरक कळतही नाही. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनीच आवाज मागे राहिल्याची तक्रार करावी, याला काय म्हणायचं? म्हातारपणाची कटकट म्हणून आम्ही ती सोडून दिली होती.

हे सगळं मी सहन करते ते एका गोष्टीसाठी. या माणसानं देवेशला एकट्यानं वाढवलं. देवेशची आई कमळ काविळीनं गेली तेव्हा तो धड चालतही नव्हता. बाबांनी दुसरं लग्न केलं नाही. लोकांनी आग्रह केला तेव्हा म्हणे ऐकू न आल्यासारखं केलं, आणि ते त्यांना छान जमतं. देवेशकडे आईचा एकच फोटो आहे, रेशनकार्डावरून मोठा करून घेतलेला. त्यात ती घाबरलेली दिसते. लग्न झाल्यावर एकदा देवेश मला म्हणाला होता, “मला बाकी काय नको गं. तिचा आवाज कसा होता, एवढंच ऐकायचंय.” त्याच्या तोंडून असं काही सहसा निघत नाही. तो डिस्पॅचवर काम करतो, दिवसभर माल आला-गेला यापलीकडे बोलत नाही. म्हणून ते वाक्य माझ्या मनात घर करून राहिलं.

बाबांना त्यानं कधी विचारलं नाही. त्यांच्याशी काही बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि हा प्रश्न ओरडून कसा विचारायचा?

गेल्या उन्हाळ्यात देवेशचे लडकूमामा, कमळबाईंचे धाकटे भाऊ, माळा साफ करताना सापडलेली आपल्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट घेऊन आले. “बग रे, तुजी आय हाय याच्यात. मंडपात फिरते, बोलते. मी पाह्यला होता तवा.” काळी, वीतभर, जड कॅसेट. वरच्या चिठ्ठीवर गुलाबाचं फूल आणि नवरानवरीची नावं. देवेशनं ती हातात धरली ती खाली ठेवेना.

पण लावायची कशावर? इथून आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. देवेशनं ऑनलाइन एक जुना व्हीसीआर मागवला. त्यानं आधी माझ्या माहेरची सत्यनारायणाची कॅसेट लावून पाहिली, तर मशीननं ती गिळली. आतली पट्टी शेवयांसारखी बाहेर ओढून काढावी लागली. माझी आई अजून त्याबद्दल बोलते. मामांची कॅसेट आम्ही त्या खोक्याच्या जवळही नेली नाही. ठाण्याच्या एका दुकानात गेलो, तिथल्या मुलानं कॅसेट उलटीसुलटी करून “ये क्या है?” विचारलं. दुसऱ्यानं ठेवून घेतली आणि पट्टीवर बुरशी आहे सांगून पुष्कळ दिवसांनी तशीच परत दिली. प्रत्येक वेळी देवेश सुट्टी काढायचा आणि तोंड पाडून घरी यायचा. मी तर हात टेकले होते.

शेवटी मार्ग बाबांनीच दाखवला, तोही वैतागून. “त्या यहयाकडं का न्हाय जात? निजामपुऱ्यात. त्याचा व्हिडिओचा दुकान होता.”

यहयाभाईंचं दुकान आता मोबाइल दुरुस्तीचं आहे. पण मागच्या खोलीत कापडाखाली झाकलेले व्हीसीआर निघाले. कॅसेट बघून त्यांनी आधी बाबांची चौकशी केली. “केसरीनाथभाई? आमच्या गल्लीत असा जॉबर परत झाला नाय. लूमला हात लावला की लूम बोलायचा.” मग त्यांनी कॅसेट उघडली, पट्टी पुसली, एका गंजलेल्या स्प्रिंगसाठी दुसरी कॅसेट फोडली आणि “टाइम लागेल, घाई करू नका” म्हणून आम्हाला वाटेला लावलं. पावसाळा सरत आला तेव्हा त्यांचा फोन आला. सगळं लग्न एका पेनड्राइव्हमध्ये उतरलं होतं.

त्या रविवारी सकाळी देवेशनं दाढी केली. कशासाठी ते मी विचारलं नाही.

पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. टीव्ही म्हणाला, ही फाइल चालणार नाही. मला वाटलं तो टीव्ही उचलून खाडीत टाकावा. देवेशनं शेजारच्या भाविकचा लॅपटॉप आणला, वायर आणली, वायर बसेना म्हणून तिला जोडायची आणखी एक वायर आणली. बाबा खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. “मना काय ऐकाला येनार हाय? तुमी बगा,” म्हणाले, पण उठले नाहीत.

एकदाचं चित्र आलं. पडद्यावर गुलाब उमलला, त्यातून नवरा आला, बदामातून नवरी आली. आणि आवाज आला तो सिनेमातल्या गाण्याचा, जे त्या वर्षी सगळ्या रिक्षांत वाजायचं. हळद लागली गाण्यावर. पाहुणे आले गाण्यावर. म्हाताऱ्या बायका तोंड उघडून गात होत्या आणि त्यांच्या तोंडून मुंबईची गायिका ऐकू येत होती.

देवेशनं पुढे ढकललं. दुसरं गाणं. अजून पुढे. तिसरं गाणं.

आणि मग ती दिसली. हिरव्या साडीतली, कडेवर झोपलेलं पोर, कॅमेऱ्याच्या भगभगीत लाइटनं डोळे बारीक केलेली. फोटोतल्यासारखी घाबरलेली नव्हतीच. ती कॅमेऱ्याच्या पलीकडे कुणाकडे तरी बघून बोलत होती, भरभर, मान हलवून. आणि गायिका आपल्या सुरात प्रेमाचं काहीतरी गात होती.

देवेशनं तिथंच थांबवलं आणि यहयाभाईंना फोन लावला. मी शेजारीच होते, मला सगळं ऐकू येत होतं.

“गाण्याखाली आवाज असेल ना, भाई? एका बाजूच्या स्पीकरला? काय तरी करून निघेल ना?”

“नाय निघणार, देवेश. मिक्सिंग करताना खालचा आवाज पुसूनच टाकायचे. त्या टायमाला पार्टीच सांगायची, गाणी टाका. ओरिजिनल आवाज कोणाला पायजे होता?”

देवेशनं फोन ठेवला. तरीही तो वायरी उपटून परत लावत राहिला, एक स्पीकर बंद कर, दुसरा चालू कर. तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा चालवत राहिला. ती बोलते, गाणं वाजतं. ती बोलते, गाणं वाजतं. मला बघवेना. इतकी वर्षं वाट पाहून अखेर हाती काय, तर रिक्षातलं गाणं. मला त्या व्हिडिओवाल्याचा, त्या गायिकेचा, लडकूमामांचा, सगळ्यांचाच राग आला.

“जेवलास का?” बाबा मोठ्यानं म्हणाले.

ते नेहमीच मोठ्यानं बोलतात, पण या वेळी मी दचकले. “बाबा, अकरा नाही वाजले अजून,” मी त्यांच्या पाठीमागून ओरडले. देवेश वैतागून म्हणाला, “बाबा, आता नको हां.” त्यांना ते ऐकू गेलं नाही.

“जेवलास का? पंगत उठल आता. कवापासून उबा हायस?” बाबा बोलतच होते. त्यांची खुर्ची टीव्हीला टेकली होती, नाक काचेला लागायचं बाकी होतं.

“बाबा, कुणाला विचारताय?” मी पुढे जाऊन त्यांचा खांदा हलवला.

“मी कुटं इचारतोय?” त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. “ती इचारते.”

देवेशच्या हातातली वायर तशीच राहिली.

मला समजायला वेळ लागला. मग बाबांनीच सांगितलं, आमच्याकडे न बघता, पडद्यावरची नजर न काढता. कमळबाई त्याच कारखान्यात कांड्या भरायच्या, म्हणजे लूमवर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात घालायची सुताची रिळं. त्या एका टोकाला, बाबा दुसऱ्या टोकाला, मधे सगळे लूम चालू. तिथं ओरडून काही उपयोग नसतो. तिथली माणसं तोंड मोठं हलवून बोलतात आणि समोरच्याच्या तोंडावरून ऐकतात. यांचं लग्न जमलं तेही तसंच, मुकादमासमोर, आणि त्याला पत्ता लागला नाही.

देवेश उठला, बाबांची खुर्ची जरा मागे सरकवून टीव्ही आणि खुर्ची यांच्या मधे येऊन खाली बसला. बाबांच्या समोर, त्यांना आपलं तोंड दिसेल असा. मग सावकाश विचारलं, न ओरडता.

“बाबा, आईचा आवाज कसा होता?”

बाबांना पहिल्या वेळीच समजलं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

“मना न्हाय म्हायती, पोरा,” ते म्हणाले. “तवाच माजे कान गेलेले. घरी आलो तरी डोक्यात लूमच चालू आसायचे. मना ती दिसायची. बोलताना दिसायची.” मग थांबून म्हणाले, “आन त्या मंडपात तिनी आवाज काडलाच नसंल. माज्याशी बोलताना न्हाय काडायची ती. मी लांब उबा होतो, बेंजो वाजत होता. तुजा गाना नसता तरी तुला बेंजोच ऐकाला आला आसता.”

देवेश मान खाली घालून बसला. मला वाटलं आता तो उठून जाईल. पण त्यानं हात लांब करून लॅपटॉपवर तो तुकडा पुन्हा सुरुवातीला नेला, आणि रिमोट उचलून गाणं बंद केलं. बाबा समोर असताना आमचा चालू टीव्ही पहिल्यांदाच गप्प झाला. बाहेरच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला. बाबांचा श्वाससुद्धा ऐकू आला.

“आता सांगा,” देवेश म्हणाला.

हिरव्या साडीतल्या कमळबाई बोलायला लागल्या, आणि बाबा त्यांच्या बरोबरीनं, एकही शब्द मागे न राहता बोलायला लागले.

“जेवलास का? पंगत उठल आता. कवापासून उबा हायस? जा, आदी जेव. … न्हाय? मंग हे घे, याला घे. माजा हात भरून आला. झोपलाय, उटवू नको.”

बोलत बोलत कमळबाई चार पावलं पुढे आल्या आणि पडद्याच्या कडेनं दोन हात आत आले. पुरुषाचे, बोटांच्या पेरांत तेलाचा काळा रंग मुरलेले. कमळबाईंनी कडेवरचं पोर त्या हातांत दिलं आणि वर बघून शेवटचं काहीतरी म्हणाल्या.

“मान धर त्याची,” बाबा म्हणाले. “मान धर.”