पाच गावांचे पाळकसाहेब

आमच्या गावाने माझ्या देखत पाच पाळक घालवले. घालवले म्हणजे हाकलले नाहीत हो, ते आपणहून गेले. कुणाला दम्याने छळलं, कुणाच्या बायकोला करमेना, एकाला शहरातल्या मोठ्या चर्चने बोलावलं तर तो निरोपाचा चहासुद्धा न पिता पळाला. मग हे सहावे आले, सत्तावीस वर्षांचे, काडीपैलवान. मी दारातच मनात म्हटलं, हे दोन हिवाळे टिकले तरी खूप. मी या चर्चची घंटा वाजवते. माझ्या आधी माझा बाप वाजवायचा. पाळक येतात-जातात, घंटेवाली तीच असते, म्हणून माझी जीभ जरा सैल आहे.

पहिल्याच रविवारी त्यांनी पाऊण तास उपदेश केला. नंतर मी सरळ विचारलं, "साहेब, मागचे तीन बाक घोरत होते. दिसलं नाही का?"

"दिसलं," ते म्हणाले, "पण थांबायचं कसं तेच कळेना."

पुढच्या रविवारी बरोबर पंधरा मिनिटं. त्या दिवसापासून आमचं जमलं आणि ते मला घंटाबाई म्हणायला लागले.

त्यांचे वडील लोहार. मुलाने भट्टी सांभाळावी अशी त्यांची इच्छा, आणि मुलगा पाळक व्हायला निघाला म्हणून दोन वर्षं बाप-लेकांचं बोलणं बंद होतं. सोबत शिकलेले सगळे शहरात चिकटले. यांच्या वाट्याला पाच गावं आली. रविवारी आठला आमच्याकडे उपासना, अकराला खाणीच्या गावी, तीनला नदीपलीकडे; उरलेल्या दोन गावांत शनिवारी. काळा झगा प्लॅस्टिकच्या पिशवीत, प्रभुभोजनाचा छोटा प्याला आणि ताटली पत्र्याच्या डब्यात, आणि सगळा संसार एका खडखड्या गाडीत. शहरातल्या चर्चांची बोलावणी त्यांनाही आली, तीनदा. तिन्ही वेळा मी आपली रडायच्या तयारीत, आणि तिन्ही वेळा त्यांनी 'नाही' लिहून पाठवलं. का, विचारलं तर म्हणायचे, "गुरुवारी गवंड्याकडे कोण जाईल?"

हा गवंडी म्हणजे परांची कोसळून अंथरुणाला खिळलेला, वर ठार बहिरा. त्याला उपासना ऐकू कशी जाणार? तर पाळकसाहेब पाटी घेऊन बसायचे. अख्खी उपासना, प्रार्थना, गीत, उपदेश, एकेक ओळ खडूने लिहायची, त्याला वाचू द्यायची, बाहीने पुसायची, पुढची लिहायची. दोन-दोन तास! घरी यायचे तेव्हा काळ्या झग्याची बाही पांढरीफटक. अकरा वर्षं एक गुरुवार चुकला नाही. मी एकदा बरोबर गेले आणि भिंतीला टेकून बघत राहिले. एका माणसासाठी एवढं?

आता जे सांगायचंय ते सांगते. इतकी वर्षं मी ते पोटात ठेवलं होतं.

त्यांच्या लग्नाला नऊ वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. दहाव्या वर्षी हलणार असं दिसलं, आणि पोर दोन महिने आधीच आलं. भर दुपारची वेळ. साहेब नदीपलीकडे दफनविधीला गेलेले. घरात नर्स, पाळकीणबाई आणि मी. मुलगी झाली, एवढीशी, निळी पडलेली. नर्स पाळकीणबाईंचा रक्तस्राव थांबवण्यात गुंतलेली, पोर माझ्या हातात. बाईंनी एकदाच तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तू दे बाप्तिस्मा. वाट बघू नकोस."

आम्हा लूथरन पंथाच्या लोकांत तसा नियमच आहे. बाळ जगत नाही असं दिसलं आणि पाळक जवळ नसले तर बाप्तिस्मा झालेल्या कुणीही तो द्यावा. पाणी ओतायचं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा या तीन नावांनी बाप्तिस्मा देते असं म्हणायचं, बस. नंतर पाळक येऊन विचारतात, कुणी दिला, कशाने दिला, कोणते शब्द म्हणून दिला, आणि नोंदवहीत लिहितात. लहानपणीच पाठ करून घेतात. मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं.

मी तांब्यातलं पाणी उजव्या तळव्यावर घेऊन तिच्या डोक्यावर सोडलं. आणि तोंडातून काय बाहेर पडावं? उपासनेच्या शेवटी पाळक देतात तो आशीर्वाद! वर्षानुवर्षं दर रविवारी मी दोरी धरून त्याच शब्दांची वाट बघायची. ते संपले की घंटा ओढायची. बाकी काही डोक्यात शिरो न शिरो, ते शब्द अंगात मुरलेले. आशीर्वाद संपला आणि माझा उजवा हात दोरी ओढायला वर गेला, तेव्हा कुठे मला कळलं की मी काय केलं. पुन्हा पाणी घ्यायला वळले. तोवर पोरीचा श्वास थांबला होता, आणि गेलेल्याला बाप्तिस्मा देत नाहीत.

तासाभराने साहेब आले. मुलीला बराच वेळ जवळ घेऊन बसले. मग डोळे पुसून नोंदवही उघडली, कारण नियम म्हणजे नियम, स्वतःच्या घरातही. "कुणी दिला?" मी. "कशाने?" पाण्याने. "कोणते शब्द म्हणून?" बाई पलंगावरून माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"तीन नावं घेतली," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं. बाईंनी डोळे मिटले. मी बाहेर येऊन तांब्यातलं उरलेलं पाणी कुंपणाशी ओतलं. त्याच रविवारी त्यांनी तिन्ही गावांत उपासना केली.

एकवीस वर्षं गेली. मागच्या वर्षी खाणीच्या गावात एक पंधरा दिवसांचं बाळ गेलं. आजोबा परगावाहून यायचे होते म्हणून बाप्तिस्मा राहून गेला होता. तिथला घंटेवाला आजारी, म्हणून दफनाची घंटा वाजवायला साहेबांबरोबर मी गेले. त्या आईने विचारलं, "बाप्तिस्म्याशिवाय माझं बाळ कुठे गेलं आता?"

साहेब तिच्यासमोर जमिनीवरच बसले. "देवाने बाप्तिस्म्याच्या पाण्याशी आपल्याला बांधलंय, बाळा, स्वतःला नाही. तुझं लेकरू तुझ्या हातात येण्याआधी त्याच्या हातात होतं. तिथून ते पडलेलं नाही."

ती भडकली. "तुम्हाला बोलायला काय जातंय? तुमच्या मुलीचा तर झाला होता!"

साहेबांनी मान खाली घातली. "हो," म्हणाले, "झाला होता."

माझं काळीजच फाटलं. परतताना गाडीत मी सगळं सांगून टाकलं, आशीर्वाद, दोरी, हात, खोटं, सगळं. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. वाटलं, आता मला उतरवतात.

"म्हणजे झाला नाही," ते म्हणाले. लपवाछपवी नाही, 'असू दे' नाही. उतरून शेताच्या तारेला धरून उभे राहिले. पाठमोरा माणूस, झगा वाऱ्यावर फडफडतोय. मग परत आले, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून मला क्षमा सुनावली, वेदीपुढे सुनावतात तशी, तीन नावांनी.

मग म्हणाले, "घंटाबाई, मघाशी त्या पोरीला मी काय सांगितलं?"

"तुम्हाला माहीत आहे की."

"माहीत आहे. पण मीच मला सांगितलेलं मला लागू पडत नाही. दुसऱ्याने सांगावं लागतं. तुम्ही सांगा."

बाप रे! आयुष्यभर ज्याने सांगायचं त्याला मी सांगू? पण तो माणूस टोपी हातात घेऊन रस्त्यात उभा होता, दफनाला आलेल्या कुठल्याही बापासारखा. मी सांगितलं. पाण्याशी आपण बांधलेलो, तो नाही. तुमची लेक पडलेली नाही. एकही शब्द चुकू दिला नाही. ते म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा सांगितलं. मग ते पोटातून रडले आणि "आमेन" म्हणाले. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि पाहणारही नाही.

घरी बाई स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या. साहेबांनी त्यांच्याजवळ बसून सांगितलं. मी दारातच उभी. बाईंनी परात बाजूला सारली.

"मग तिच्यावर म्हणालीस तरी काय तू?"

"शेवटचा आशीर्वाद, बाई. उपासना संपताना देतात तो."

बाईंनी साहेबांचा हात धरला.

"बरोबरच म्हणालीस," त्या म्हणाल्या. "तेवढीच होती तिची उपासना."